दगडांपासून माशांसाठी स्वस्तात लपायच्या जागा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्याकडे टँक आहे, मासे आहेत आणि तयार मिळणाऱ्या प्लास्टिकच्या किल्ल्यांवर पैसे घालवायची इच्छा नाहीये त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवलंय. दगड फुकटात किंवा जवळपास फुकटात मिळतो, वर्षानुवर्षं टिकतो, रंग जात नाही आणि कंटाळा आला की उचलून वेगळा रचता येतो. पण दोन गोष्टी आधी नीट बघाव्या लागतात, दगड पाण्यात विरघळणारा नाही ना आणि रचलेला ढीग कोसळणार नाही ना. खालचे बरेचसे प्रश्न फिरून फिरून याच दोन गोष्टींवर येतात.

लपायला जागा दिली तर मासे दिसणारच नाहीत, मग टँक ठेवून उपयोग काय?

असं वाटतं खरं, पण होतं उलटं. रिकाम्या टँकमध्ये बुजरा मासा फिल्टरच्या मागे नाहीतर हीटरखाली जाऊन बसतो, रंग फिका पडतो, कोणी जवळ आलं की काचेवर आपटत पळतो. तोच मासा, त्याला पळून जायला जागा आहे हे एकदा कळलं की समोर येऊन निवांत फिरायला लागतो. पहिले काही दिवस गुहेत बसेल, मग दाराशी फक्त मिशा दिसतील, मग अर्धं अंग बाहेर, आणि नंतर खायला टाकायची वेळ झाली की सगळ्यांच्या आधी तोच हजर.

दुसरा फायदा भांडणांचा. सिक्लिडसारखे (आपल्या हद्दीवरून भांडणाऱ्या माशांचं एक कुळ) मासे एकमेकांना सतत बघत राहिले की सतत भांडतात, मध्ये दगडाचा आडोसा आला की नजर तुटते आणि निम्मी मारामारी तिथेच थांबते. म्हणजे प्रत्येक वेळी गुहाच लागते असं नाही, नुसता उभा दगडसुद्धा बरंच काम करतो.

माझ्या माशांना दगडाची गुहा हवीच का?

सगळ्यांना नाही. प्लेको, ब्रिसलनोज, कुहली लोच, क्लाउन लोच, रेनबो शार्क, क्रिबेन्सिस, कन्व्हिक्ट, एपिस्टो आणि आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले एमबुना यांना हवीच. कोरीडोरास गुहेत राहत नाहीत पण छज्जासारखा पुढे आलेला दगड असेल तर त्याच्या सावलीत घोळका करून बसतात. टेट्रा, रासबोरा, डॅनिओ यांना दगडापेक्षा झाडांचा आडोसा आवडतो, त्यांच्यासाठी गुहा केलीत तर त्यात बहुतेक गोगलगाय राहायला जाईल. गोल्डफिशला पोहायला मोकळी जागा जास्त महत्त्वाची, त्यातून बबल आय किंवा टेलिस्कोपसारखे मोठ्या डोळ्यांचे असतील तर टँकमध्ये खडबडीत दगड नकोच. बेट्टाचे लांब पंख टोकदार दगडाला अडकून फाटतात, त्यामुळे त्याला गुळगुळीत गोट्यांची मोठ्या तोंडाची गुहा बरी.

कोणता दगड चालतो आणि कोणता नाही?

बिनधास्त चालणारे म्हणजे ग्रॅनाइट, बेसाल्ट (काळा कठीण पाषाण), क्वार्ट्झ, खरी स्लेट, लाव्हा रॉक आणि नदीतले कठीण गुळगुळीत गोटे. हे पाण्यात काही सोडत नाहीत. लाव्हा रॉक हलका असतो आणि त्याच्या छिद्रांमध्ये फिल्टरसाठी उपयोगी बॅक्टेरिया छान राहतात, पण तो खरखरीत असतो, तळाशी अंग घासत फिरणाऱ्या माशांना नको.

संगमरवर, चुनखडी, डोलोमाइट, प्रवाळाचे तुकडे आणि शिंपले ही कॅल्शियमवाली मंडळी पाण्याचा हार्डनेस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, जास्त असलं की पाणी कठीण, कमी असलं की मऊ) आणि पीएच (पाणी ॲसिडिक की अल्कलाइन याचं माप) वाढवतात. सजावटीचे जे दगड विकत मिळतात त्यातला सेरयू प्रकारचा निळसर राखाडी दगडही याच गटात येतो, दिसायला जबरदस्त पण पाणी कठीण करतो. वाळूचा दगड मधला, काहींमधले कण चुन्याने बांधलेले असतात आणि काही हातात चुरतात, टेस्ट केल्याशिवाय घेऊ नका.

फरशीच्या तुकड्यांबद्दल जरा जास्त लक्ष द्या. काळी सपाट फरशी दिसली की लोक स्लेट समजून उचलतात, पण बऱ्याच काळ्या आणि राखाडी फरश्या मुळात चुनखडीच्याच असतात. रंगावरून काही कळत नाही. शिवाय पॉलिश केलेल्या किंवा केमिकल लावलेल्या फरशीवर काय लावलंय ते आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे पॉलिश न केलेलाच तुकडा बघा.

आणि अजिबात नको ते म्हणजे सोनेरी किंवा चांदीसारखी धातूची चकाकी असलेले, गंजाचे ओघळ आलेले, हिरव्या निळ्या रेघा असलेले दगड. हिरवा निळा रंग तांब्याचा असू शकतो आणि तांबं झिंगे आणि गोगलगायींना अगदी थोड्या प्रमाणातसुद्धा मारतं. मातीसारखा चुरणारा, ऑइलचा वास येणारा, रंग लावलेला दगडही बाहेरच ठेवा.

व्हिनेगरची टेस्ट नक्की कशी करायची? मी थेंब टाकला, काहीच झालं नाही.

थेंब नुसता वरून टाकला की बऱ्याचदा फसगत होते, कारण दगडावर धूळ, शेवाळ किंवा वाऱ्यापावसाने बनलेली साल असते. आधी दगड धुऊन पूर्ण सुकवा. मग खिळ्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एका जागी जोरात ओरखडा काढा, थोडी पूड पडली पाहिजे. त्या पुडीवर व्हिनेगरचे काही थेंब टाका आणि डोळे जवळ नेऊन बघा, कान लावला तरी चालेल. चुनखडी असेल तर बारीक बुडबुड्यांची रेघ ओरखड्याच्या बरोबर वरून उठते आणि हलका चुर्र आवाज येतो. काही दगडांमध्ये पांढऱ्या शिरा असतात, बाकी दगड शांत आणि फक्त शिरेवर फेस येतो, म्हणून शिरेवर वेगळी टेस्ट करा.

व्हिनेगर हे कमजोर ॲसिड आहे. डोलोमाइटसारखा दगड त्याला फार सावकाश दाद देतो, म्हणून टेस्ट पास झाली तरी लगेच नाचायचं नाही. खात्रीचा उपाय म्हणजे बादली. टँकमध्ये जे पाणी वापरता तेच बादलीत घ्या, पीएच, जीएच (एकूण हार्डनेस) आणि केएच (कार्बोनेट हार्डनेस) मोजून लिहून ठेवा, दगड टाका, शेजारी त्याच पाण्याची दगड नसलेली दुसरी बादली ठेवा. आठवडाभराने, जमलं तर दोन आठवड्यांनी, दोन्हीकडे मोजा. दुसरी बादली का, तर नळाचं पाणी नुसतं उघडं ठेवलं तरी त्याचा पीएच थोडा हलतो, आणि मग उगाच दगडाला दोष दिला जातो. दोन्ही बादल्यांमध्ये फरक नसेल तर दगड आत.

लोक संडास साफ करायचं ॲसिड वापरायला सांगतात. उत्तर स्पष्ट मिळतं हे खरं, पण वाफ नाकात जाते, हात भाजतात, आणि बादलीची टेस्ट तेच काम फुकटात करते. मी तरी सांगणार नाही.

चुकून चुनखडीचा दगड टाकला गेला तर मासे मरतील का?

लगेच काही होत नाही, घाबरून सगळे मासे बाहेर काढू नका. चुनखडी हळूहळू विरघळते, किती ते तुमच्या पाण्यावर आहे. पाणी आधीच कठीण आणि अल्कलाइन असेल तर फारसं काही विरघळणारच नाही. पाणी मऊ आणि ॲसिडिक असेल, किंवा झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल, तर वेगाने विरघळेल. त्रास होतो तो डिस्कस, कार्डिनल टेट्रा, एपिस्टो अशा मऊ पाण्यातल्या माशांना, आणि त्याहून जास्त त्रास दर वेळी पाणी बदलल्यावर होणाऱ्या चढउताराचा.

आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका तळ्यातल्या सिक्लिडना मात्र असंच कठीण, अल्कलाइन पाणी हवं असतं. मलावीचा पीएच साधारण ७.८ ते ८.६ आणि टांगानिकाचा त्याच्याही थोडा वर, ९ च्या आसपास जाणारा. तिथे चुनखडी घातलीत तर पाणी आपोआप स्थिर राहायला मदतच होते. म्हणजे दगड वाईट नसतो, मासा कुठला आहे त्यावर सगळं ठरतं. गप्पी, मॉली, प्लॅटी यांनाही कठीण पाणी मानवतं.

दगड गोळा कुठून करायचे?

ओढा, नदीचं पात्र, डोंगराचा पायथा, बांधकामानंतर उरलेली मोठी खडी, दगड कापणाऱ्यांकडचे वाया गेलेले तुकडे. जिथून उचलता तिथे उचलायला परवानगी आहे का ते बघा, संरक्षित जंगल आणि राखीव किनारे यातून दगड नेता येत नाहीत. औषध फवारणी होणाऱ्या शेतालगतचे, रस्त्याच्या कडेचे डांबर लागलेले आणि कारखान्याच्या सांडपाण्याजवळचे नकोत. समुद्रकिनाऱ्यावरचा कठीण काळा दगड चालतो पण मीठ निघेपर्यंत गोड्या पाण्यात भिजवून पाणी बदलत राहावं लागतं, आणि त्याला चिकटलेले शिंपले खरवडून काढावे लागतात, नाहीतर ते पुन्हा कॅल्शियमच.

एकाच प्रकारचे दगड घ्या हे आपलं वैयक्तिक मत. चार रंगांचे दगड एकत्र केले की टँक दगडांच्या प्रदर्शनासारखा दिसतो. आकार मात्र वेगवेगळे हवेत, मोठे, मध्यम, लहान आणि काही चपटे. चपटे सगळ्यात कमी मिळतात आणि सगळ्यात जास्त लागतात, दिसले की उचला.

दगड उकळून घेऊ का? ओव्हनमध्ये भाजू का?

दोन्ही नको. दगडाच्या आत बारीक भेगांमध्ये पाणी अडकलेलं असतं, तापलं की त्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला जागा नसली तर दगड तडकतो, कधीकधी फुटून तुकडे उडतात. मायक्रोवेव्हचं तर नावच काढू नका.

साधी पद्धत: कडक ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा, भेगांमधली माती जुन्या टूथब्रशने काढा, दगड बादलीत ठेवून वरून गरम पाणी ओता, थंड होऊ द्या, आणि मग २ ते ३ दिवस बादलीत पाणी बदलत ठेवा. साबण, डिटर्जंट, भांड्याचा लिक्विड सोप काहीही नाही, सच्छिद्र दगड साबण धरून ठेवतो आणि तो पुढे टँकमध्येच सुटतो. घासलेला दगड कडक उन्हात नीट वाळवला की नदीतून आलेले बहुतेक किडे आणि परजीवी तिथेच संपतात.

समुद्री टँकमधून आलेला जुना लाइव्ह रॉक (ज्यावर समुद्री जीव वाढलेले असतात असा दगड) असेल तर अजूनच सांभाळून. त्यावर झोअँथिड नावाचे प्रवाळासारखे जीव असू शकतात, त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं, असा दगड उकळला आणि वाफ नाकात गेली म्हणून माणसं हॉस्पिटलमध्ये गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तो दगड उकळायचा नाही, घरात घासायचाही नाही.

सगळ्यात सोपी, काहीही न चिकटवता होणारी गुहा कोणती?

तीन दगड आणि एक झाकण. जवळपास सारख्या उंचीचे तीन दगड त्रिकोणात ठेवा, वर चपटा दगड. तीनच का, तर तीन टेकूंवर ठेवलेली गोष्ट डुगडुगत नाही, चौथा आला की एक हमखास आखूड पडतो. दोन दगडांमधल्या फटी हीच दारं, एक समोर दिसेल अशी आणि एक मागे.

टँकमध्ये रचण्याआधी जमिनीवर जुनं फडकं टाकून त्यावर रचून बघा. टँकच्या तळाच्या मापाचा कागद कापून त्याच्यावर रचलंत तर अजून बरं. रचून झालं की वरच्या दगडावर बोटाने सगळ्या बाजूंनी दाबा, टोकावर दाबल्यावर झाकण उचललं गेलं तर टेकू बाहेरच्या बाजूला सरकवा. मग एक धक्का द्या, चांगला, मोठा प्लेको शेपटी मारतो तेवढा. पडलं तर पुन्हा रचा. इथे आळस करायचा नाही, कारण इथे पडलं तर फडक्यावर पडतं, टँकमध्ये पडलं तर माशावर नाहीतर काचेवर पडणार.

हे जमलं की मग ढीग वाढवता येतो. खाली मोठे, वर लहान, आणि प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या खाचेत बसलेला. एमबुनांसाठी असा ढीग टँकच्या अर्ध्या उंचीपर्यंत किंवा त्याच्याही वर नेतात, त्यात आपोआप कपारी तयार होतात आणि मार खाणाऱ्या माशाला कुठेही शिरता येतं. ढीग मागच्या काचेला टेकवून उभा करू नका, एक हात जाईल एवढी फट ठेवा, पाणीही फिरतं आणि काच पुसताही येते.

आधी वाळू की आधी दगड?

आधी दगड. मोठे दगड थेट टँकच्या तळावर (खाली पातळ थर्माकोल किंवा फोमची शीट घालून) बसवायचे आणि मग सभोवती वाळू ओतायची. वाळूवर ठेवलेला दगड आज पक्का वाटतो, पण सिक्लिड आणि लोच रोज थोडी थोडी वाळू उकरत असतात, एका रात्रीत दगडाखाली खड्डा होतो आणि दगड त्याच्यात, कधी माशासकट. तळाशी अंडरग्रॅव्हल फिल्टर (वाळूखालच्या प्लेटमधून पाणी ओढणारा) असेल तर त्याच्या प्लेटवर मोठा ढीग नको, प्लेट वाकते आणि खालचा प्रवाह अडतो.

वजनाने काच फुटेल का?

पसरलेलं वजन काच आरामात घेते, टोकावर आलेलं वजन नाही. टोकदार दगड थेट काचेवर टेकला तर सगळा भार एका ठिपक्यावर येतो, म्हणून दगडाची सपाट बाजू खाली आणि मध्ये थर्माकोलची शीट. थर्माकोल वाळूखाली पूर्ण झाकला गेला पाहिजे, नाहीतर मासे टोचून त्याचे गोळे वर आणतात आणि ते फिल्टरमध्ये जातात.

हिशोब सोपा आहे. ग्रॅनाइट पाण्याच्या साधारण २.६ ते २.७ पट जड असतो. १० किलो ग्रॅनाइट टाकला की तो जवळपास ३.८ लिटर पाण्याची जागा घेतो, म्हणजे पाण्याची पातळी तीच ठेवली तर टँकचं एकूण वजन १० नाही, साधारण ६.२ किलोने वाढतं. टेबल किंवा स्टँड काठावर असेल तर हाच आकडा बघायचा. आणि हो, दगड टाकायच्या आधी थोडं पाणी काढून घ्या, नाहीतर ते ३.८ लिटर जमिनीवर.

ठेवताना दगड दोन्ही हातांनी धरून तळाला टेकल्यावरच सोडा. पाण्यात दगड हलका लागतो म्हणून लोक गाफील राहतात.

चिकटवायचं असेल तर कशाने?

मी शक्यतो न चिकटवता रचतो, कारण सुटे दगड उचलून धुता येतात आणि मासा अडकला तर सोडवता येतो. पण उंच कमान किंवा छज्जा करायचा असेल तर चिकटवावं लागतं.

सिलिकॉन सगळ्यात भरवशाचा, फक्त १०० टक्के सिलिकॉन असलेला आणि बुरशीरोधक केमिकल नसलेला घ्या, बाथरूमसाठी म्हणून जो मिळतो त्यात बहुतेक वेळा ते असतं. दगड कोरडाठाक आणि धूळमुक्त हवा, सच्छिद्र दगड आतून ओला असेल तर सिलिकॉन काही दिवसांत पापुद्र्यासारखा निघतो. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. हवेतल्या ओलाव्याने तो बाहेरून आत वाळत जातो, त्यामुळे पातळ थराला १ ते २ दिवस पुरतात, जाड गोळ्याला आठवडाही लागू शकतो. मग बादलीत एकदोन दिवस भिजवून पाणी फेकून द्या. जुन्या सिलिकॉनवर नवा नीट धरत नाही, दुरुस्ती करायची असेल तर आधीचा खरवडून काढा.

सुपर ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट, जेलवाला घेतला तर बारीक कामाला मस्त. दोन दगडांमधल्या फटीत कापसाचा बोळा घालून त्यावर ग्लू सोडतात, कापूस काही सेकंदात दगडासारखा कडक होतो. पण कापूस आणि हा ग्लू एकत्र आले की जोरात तापतात आणि धूर येतो, बोटं भाजतात, डोळे चुरचुरतात. खिडकी उघडी ठेवा, बोटात धरू नका. वरून दगडाची पूड भुरभुरली की सांधा दिसतही नाही.

गरम ग्लू गन, फर्निचरचा पांढरा गोंद, टाइल्सचा ग्राउट हे पाण्याखाली नको.

चिकटवलं म्हणून तोल बघायचा नाही असं नाही. आधी सुटे दगड स्वतःच्या तोलावर उभे राहिले पाहिजेत, ग्लू फक्त सरकू नये म्हणून. ग्लूच्या भरवशावर लटकणारा जड दगड एक दिवस पडतोच.

सिमेंट वापरलं तर?

स्वस्त आहे आणि हवा तो आकार येतो, पण वेळखाऊ. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पीएच भलताच वर जातो, १२ पर्यंतही. कित्येक आठवडे बादलीत ठेवून पाणी बदलत राहायचं आणि पाण्याचा पीएच नळाच्या पाण्याइतका टिकला की मगच वापरायचं. घाई असेल तर सिमेंटच्या नादी लागू नका.

गुहेचं तोंड किती मोठं असावं?

रोजच्या लपण्यासाठी मासा पंख फुलवून आत जाऊन वळू शकला पाहिजे, आणि दोन दारं हवीत. एकच दार असलं की दादागिरी करणारा मासा तोंडाशी उभा राहतो आणि आतला कोंडला जातो. पैदाशीसाठी नेमकं उलटं, एकच दार आणि अंगाला बसेल एवढीच रुंदी. ब्रिसलनोज नराला त्याच्या लांबीपेक्षा थोडी जास्त लांब, मागून बंद आणि अरुंद बोळकांडी लागते, मादी आत असताना त्याला शरीराने दार अडवता आलं पाहिजे.

सगळ्यात धोकादायक तोंड म्हणजे माशाच्या डोक्याएवढं. डोकं जातं, पोट जात नाही, आणि प्लेकोचे पंखांचे काटे मागच्या बाजूला झुकलेले असल्यामुळे त्याला उलटं निघताही येत नाही. तुमचा सर्वात मोठा मासा मोजा आणि भोक एकतर त्याच्यापेक्षा स्पष्ट मोठं ठेवा किंवा डोकंही जाणार नाही एवढं लहान. मासे वाढतात हेही धरा, बाजारातून बोटाएवढा आणलेला साधा प्लेको हातभर होतो.

आणि अडकलाच तर?

शेपटीला धरून ओढायचं नाही. सुटे दगड असतील तर वरून एकेक उचला, मासा मोकळा होतो. एकाच दगडातलं भोक असेल तर दगड माशासकट बादलीत टँकच्याच पाण्यात ठेवा आणि त्याला शांत होऊ द्या, घाबरून फुलवलेले पंख मिटले की बरेचदा स्वतःच निघतो. क्लाउन लोच फटीत आडवे पडून मेल्यासारखे झोपतात, तो त्यांचा नेहमीचा प्रकार आहे, लगेच बचावकार्य सुरू करू नका.

धारदार कडा कशा घालवायच्या?

कड दुसऱ्या खरखरीत दगडावर पाणी टाकत घासा किंवा वॉटर पेपर वापरा. तपासायचं कसं, तर जुना नायलॉनचा मोजा हातात घालून दगडावरून फिरवा, जिथे धागा अडकतो तिथे पंखही अडकणार.

स्लेटचे थर छिन्नीने सहज सुटतात, ग्रॅनाइटला भोक पाडायला डायमंड बिट लागतं. काहीही कापताना, फोडताना चष्मा घाला आणि दगड ओला ठेवा, कोरड्या दगडाची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना कायमचं नुकसान करते, त्यामुळे मास्कही.

किती जागा कराव्यात?

जेवढे मासे जागेवर हक्क सांगतात त्यापेक्षा एकदोन जास्त. चार क्रिबेन्सिस असतील तर पाचसहा बिळं, आणि ती टँकभर विखुरलेली, एका ढिगात नाहीत. सगळी एकाच कोपऱ्यात केली की एक जोडी तो कोपरा बळकावते आणि बाकीचे पुन्हा फिल्टरमागे. तरी एकतृतीयांश तळ तरी मोकळा सोडा, पोहायलाही जागा पाहिजे.

माशांनी गुहेत अंडी घातली, आता?

काही करू नका. दगड उचलून बघू नका. क्रिबेन्सिस छताला आतून अंडी चिकटवतात, मादी आत राहून पंखांनी वारा घातल्यासारखं पाणी हलवत राहते, नर बाहेर पहारा देतो आणि तुमच्या बोटावरसुद्धा धावून येतो. पांढरीफटक पडलेली अंडी बुरशी लागलेली असतात, पालक ती सहसा स्वतः काढून टाकतात. एंजेलफिशना गुहा नको, तिरकी उभी केलेली स्लेटची पट्टी दिली की त्यावर घालतात.

दगडांखाली घाण साचते, शेवाळ येतं, काय करायचं?

घाण साचणारच, गुहा म्हणजे प्रवाह मंद असलेली जागा. रचतानाच फिल्टरच्या पाण्याचा झोत एका दारातून आत जाऊन दुसऱ्यातून बाहेर येईल असं बघा, निम्मं काम कमी होतं. पाणी बदलताना सायफनचं तोंड फटीत घालून ओढून घ्या. महिन्यातून एकदा एका बाजूचे दगड उचला, पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूचे, सगळं एकदम विस्कटलं की माशांची हद्दीची भांडणं नव्याने सुरू होतात. (हीच युक्ती उलटीही वापरतात, नवीन सिक्लिड सोडायच्या आधी मुद्दाम सगळे दगड हलवायचे, म्हणजे जुन्यांनाही घर नवीन.)

नव्या टँकमध्ये दगडांवर तपकिरी थर येतो तो डायॅटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा, काही आठवड्यांत बहुतेक वेळा आपोआप कमी होतो. हिरवं शेवाळ लाइट जास्त वेळ चालू राहिल्याचं लक्षण, ७-८ तासांवर आणा. थोडं शेवाळ राहू दिलं तर प्लेको, झिंगे, एमबुना खातात, मला तर दगड थोडा हिरवाच बरा दिसतो. त्यावर अनुबियास किंवा जावा फर्नसारखं पाण्यातलं झाड दोऱ्याने बांधलं तर अजून छान, फक्त त्याची आडवी मुळी वाळूत पुरू नका, कुजते.

टँकमध्ये औषध टाकताना दगडांचा काही संबंध येतो का?

येतो, आणि हे बरेच लोक विसरतात. ६० × ३० × ३० सेंटीमीटरचा टँक कागदावर ५४ लिटरचा, पण त्यात वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा धरली तर प्रत्यक्ष पाणी ४० च्या आसपास असू शकतं. औषध ५४ च्या हिशोबाने टाकलंत तर डोस जास्त झाला. दगड रचून झाल्यावर टँक भरताना बादल्या मोजा आणि आकडा टँकच्या बाजूला लिहून ठेवा.

तांब्याचं औषध असेल तर चुनखडीवाले दगड ते शोषून घेतात, डोस लागू पडत नाही. असे दगड आधी काढा. मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाने सिलिकॉनचे सांधे निळे होतात ते होतातच. आजारी माशाच्या वेगळ्या टँकमध्ये दगडाऐवजी पीव्हीसी पाइपचा तुकडा टाका, धुवायला सोपा.

गुहा केली पण कोणी आत जातच नाही.

थांबा थोडं. नवा दगड माशांना अनोळखी असतो, अंगावर जरा बुळबुळीत थर आला की जायला लागतात. दोन आठवड्यांनंतरही रिकामी असेल तर तोंड भिंतीकडे किंवा झाडांकडे वळवून बघा, पूर्ण उजेडात समोर उघडणारी गुहा कोणालाच आवडत नाही. आत उजेड फार येत असेल तर वरच्या फटी लहान दगडांनी बुजवा. लाइट बंद झाल्यावर अर्ध्या तासाने मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका मारून बघा, कुहली आणि प्लेको रात्री उद्योग करतात आणि दिवसा आत असतात, त्यामुळे रिकामी वाटणारी गुहा भरलेलीही असू शकते.

मासा पकडायचा असला की सगळे दगड काढायचे?

पाणी निम्म्यावर आणा, मग तो ज्या गुहेत घुसलाय तेवढाच ढीग उचला. चिकटवलेली गुहा असेल तर काम अजून सोपं, दोन्ही दारांवर जाळी लावा आणि गुहाच माशासकट उचलून बादलीत ठेवा.